बैठकीचा माणूस

गुणवंतभाऊ एखाद्या घरी गेले आणि त्यांना तिथं पाणी मिळालं, की आमचं मोताळा सुटकेचा श्वास टाकायचं. भांडण कसलंही असो. शेताच्या धुऱ्यावरून दोघे भाऊ कुऱ्हाडी घेऊन निघालेले असोत, सून रुसून माहेरी बसलेली असो, की कुणाच्या जीपखाली कुणाचं माणूस आलेलं असो. भाऊ त्या घरातून बाहेर पडले, की कोपऱ्यावर बिड्या ओढत थांबलेली मंडळी एकच विचारायची, "पानी देल्लं का, भाऊ?" भाऊ मान हलवायचे. झालं! पुढची देवाणघेवाण इतरांनी बघायची. ते किरकोळ काम. भाऊ फक्त मोठं काम करायचे.

मी त्यांचा शेजारी. आमची भिंत एक. त्यांच्याकडं ठेचा कुटला की ठसका आमच्याकडं लागायचा. मी इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणजे मी बोलतो आणि पोरं खिडकीबाहेर बघतात. पण मला नाटकाचा नाद आहे, आणि भाऊंची बैठक हे बिनतिकिटाचं नाटक होतं. जमेल तेव्हा मी मागं जाऊन बसायचो.

काय तयारी असायची त्या माणसाची! घरचं कापसाचं जिनिंग, नजर पुरणार नाही एवढी काळी जमीन, पण बैठकीला निघताना हातातलं घड्याळ आणि बोटांतल्या अंगठ्या बायकोच्या, म्हणजे शोभावहिनींच्या ओंजळीत. गाडी गावाबाहेर उभी करायची आणि उरलेला रस्ता पायी. दारात चपला सोडायच्या. कुणी खुर्ची आणली तर हात जोडायचे आणि उंबऱ्याजवळ खाली बसायचं. मग गप्प. ही गप्प बसण्याची कला मी मोठमोठ्या नटांत पाहिली नाही. समोरचे शिव्या देत, आईबाप काढत, भाऊंची मान खालीच. मला एकदा म्हणाले, "ओकू द्या लागते, सर. पोट रिकामं झालं का माणसाले तहान लागते." आणि खरंच, थोड्या वेळानं आतून तांब्या यायचा. तो घरच्या माणसांसाठी आलेला असायचा, पण पहिला पेला भाऊंपुढं व्हायचा.

कोर्टाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठी. आमचा तालुका घाटाखाली, कोर्टकचेऱ्या वर बुलढाण्याला. "भांडण एकदा का बुलढाण्याचा घाट चढलं," ते म्हणायचे, "का खाली उतरत नाई. अन् वकिलाले ते उतरू द्यायचंच नसते."

एक बैठक मात्र मला चांगली आठवते, आणि ती आठवली की मला मिश्कील वगैरे काही सुचत नाही. शेजारच्या गावचा एक माळी पहाटे भाजी घेऊन सायकलनं निघाला होता. इथल्या एका व्यापाऱ्याच्या पिकअपनं त्याला उडवलं. भाऊ गेले. म्हातारा बाप बोलून बोलून थकला. मग त्या मेलेल्या माळ्याच्या भावानं आत हाक मारली, "वहिनी, पानी आन वं." ती आली. तिनं तांब्या भाऊंसमोर ठेवला, पण त्यावरचा हात काही काढेना. सगळे बघत राहिले. दीर पुन्हा म्हणाला, "वहिनी." तेव्हा तिनं हात काढला. भाऊ पाणी प्याले.

येताना मी गाडीत म्हटलं, "भाऊ, त्या बाईच्या मनात नव्हतं."

"मनातलं कोन पाह्यते, सर? जग पान्यावर चालते."

असा हा माणूस. स्वतः कोपरावर विरलेला नेहरू शर्ट घालणार, चपलेला तिसऱ्यांदा टाका मारणार, ज्वारीची भाकर आणि तेलाची धार घातलेला ठेचा खाऊन तृप्त होणार. घरात एसी लावला तर "हाडं दुखतात" म्हणून बंद करणार. आणि याच माणसाचा मुलगा मेलबर्नमध्ये अशा इमारतीत राहत होता, जिच्या गच्चीवर पोहायचा तलाव होता.

मुलाचं नाव तेजस. उशिरानं झालेला एकुलता एक पोरगा. लाजाळू, हळू बोलणारा. आमच्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या बायकोशी गप्पा मारत शेंगा सोलणारा. तो ऑस्ट्रेलियाला शिकायला निघाला तेव्हा भाऊंनी बँड लावला होता. पोरगा घोड्यावर नव्हता एवढंच. विमानतळावर जायला गाड्यांची रांग, प्रत्येकीला झेंडूची माळ. पोराचा चेहरा मात्र वरातीतून पळून जाऊ पाहणाऱ्या नवरदेवासारखा.

त्यानंतर मोताळ्याचा आठवडी बाजार म्हणजे भाऊंचं प्रदर्शन. वांग्याच्या ढिगापाशी उभे राहून ते माळणीला मोबाइल दाखवायचे.

"हे पाय, हा तलाव."

"कोन्या गावचा हो, भाऊ?"

"गच्चीवरचा."

"अवं माय! अन् गळत नाई?"

भाऊंना हा प्रश्न मनापासून आवडायचा. इमारत गळत नाही हे ते पुढच्या ढिगापाशी जाऊन पुन्हा सांगायचे.

पोराला ते फोनवर अभ्यासाचं कधी विचारत नसत. एकच विचारायचे, "काई कमी?" तो "नाही पप्पा" म्हणायचा. मग भाऊ आणखी काहीतरी पाठवायचे. पोरानं मागितलं म्हणून नाही, हे मी ठासून सांगतो, कारण नंतर गावात उलटंच बोललं गेलं. तेजसनं काही मागितलं असेल तर ते एकदाच, आणि तेही माझ्याकडं.

तो तिथं एका हॉटेलात काम करायला लागला होता. संध्याकाळचं भांडी घासणं, कांदा कापणं. तिथं शिकायला गेलेली बहुतेक पोरं असलं काहीतरी करतातच. मला फोन करून सांगत होता, आणि आवाज असा की एवढा मोकळा मी कधी ऐकला नव्हता. "सर, आता कांदा कापताना डोळ्यांत पाणीच येत नाही. जालन्याचा एक पोरगा आहे सोबत, आम्ही दोघं रात्री ट्राममध्ये आख्खा डबा रिकामा असला की जोरजोरात गाणी म्हणतो. फक्त पप्पांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण त्या जालन्याच्या पोरानं फोटो टाकला. गळ्यात प्लॅस्टिकचा एप्रन, हातात परात, आणि तेजसचं हे एवढं हसू. हा फोटो फिरत फिरत मोताळ्यात आला. भाऊंनी तो माझ्यासमोर पाहिला. हसू त्यांना दिसलंच नाही. परात दिसली.

"आपल्या वाड्यात गडीमाणसं जेवून उठतात तं त्याइची ताटं दुसरे उचलतात. अन् माह्यं पोरगं लोकाइचं खरकटं धुते?"

"शिकतोय, भाऊ. मजेत आहे."

"मजा काऊन नाई येनार? लाज सोडली का मजाच येते!"

त्याच दिवशी फोन. काम बंद. पोरगा म्हणत होता, सवय झाली आहे, घरी बसून करू काय? भाऊंनी त्यावर जो उपाय काढला तो त्यांना स्वतःला इतका पसंत पडला, की ते सांगायला भिंतीवरून डोकावले. "गाडी घेऊन देतो त्याले. चांगली. मंग घरी बसावं नाई लागन."

तेजस म्हणाला, "पप्पा, ट्राम आपल्या दारातून जाते."

"ट्रामनं सारं गाव जाते," भाऊ म्हणाले.

आली गाडी. जमिनीला पोट टेकलेली, काळी, बसायला दोघांचीच जागा. आता बाजारात वांग्यांच्या ढिगापाशी तिचा आवाज ऐकवला जाऊ लागला. पोरानं सुरू केलेल्या इंजिनाचा आवाज भाऊंनी मोबाइलमध्ये घेतला होता, आणि तो ते माळणींच्या कानाला लावायचे. एकजणी म्हणाली, "भाऊ, हे तं मळणीचं हालर बिघडल्यावानी वाजून राह्यलं." बाजार हसला. भाऊही हसले. ते त्यांचं मी पाहिलेलं शेवटचं मोकळं हसू.

बातमी आली तेव्हा ते बैठकीतच होते. बैठकीत फोन घ्यायचा नाही हा त्यांचा नियम, त्यामुळं तेजसचा फोन ते पुन्हा पुन्हा कापत राहिले. शेवटी पोरानं मला लावला. मी त्या घराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि बोटानं खूण केली. भाऊ रागानं बाहेर आले.

तेजसकडून माणूस मेला होता. एक वयस्क जोडपं रोजच्यासारखं संध्याकाळी फिरायला निघालं होतं. सिग्नल लाल होता. गाडी वेगात होती. नवरा जागीच गेला, बायको एक पाऊल मागं होती म्हणून वाचली. तिच्यासमोर झालं. पोरगा दारू प्यायलेला नव्हता. तो फक्त वेगात होता, आणि का होता हे त्यालाही सांगता येत नव्हतं. पोलिसांनी धरलं, मग जामिनावर सोडलं. पासपोर्ट काढून घेतला.

भाऊ ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाई जित्ती हाये ना?"

"हो."

"मंग होते."

मला वाटलं, बाई वाचली याचं त्यांना समाधान झालं. नंतर कळलं, ते बैठकीचं गणित मांडत होते. बोलायला समोर कुणीतरी आहे, एवढंच त्यांनी त्यात पाहिलं होतं.

आम्ही दोघं निघालो. माझ्या इंग्रजीवर आयुष्यात पहिल्यांदा कुणी विश्वास टाकला होता आणि कारण हे असं. वहिनींनी "मी येते" म्हटलं, तर भाऊ म्हणाले, "तुह्यं काय काम तिथं?" पिशवीत त्यांनी दुखवट्याचं लुगडं घेतलं होतं, पांढऱ्यावर निळ्या काठाचं, आणि एक नारळ. तिथल्या विमानतळावर फळं, धान्य, झाडपाला काही आत नेऊ देत नाहीत. गणवेशातल्या एका तरुण पोरीनं नारळ दोन्ही हातांत धरून, जणू तो फुटेल अशा काळजीनं, डब्यात ठेवला. भाऊ मला म्हणाले, "तिले सांगा, मयतीच्या घरी न्यायचा हाये." मी सांगितलं. तिनं खरोखर दुःखी चेहरा केला आणि नारळ काही परत दिला नाही.

तेजसचं घर मी मोबाइलवर हजारदा पाहिलं होतं. पण मोबाइलमध्ये तिथली शांतता येत नव्हती. काचेच्या भिंती, पांढरे कोच, खाली खेळण्यासारखं शहर. पोरगा त्या कोचाच्या कडेवर बसला होता, एखाद्याच्या घरी आलेला पाहुणा बसावा तसा. किती वाळला होता. भाऊंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीनं म्हणाले, "काई कमी?" मग स्वतःच हात मागं घेतला.

वकीलबाई मूळच्या श्रीलंकेच्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी मला एक एक वाक्य दोनदा सांगितलं आणि मी ते एक एक वाक्य भाऊंना तीनदा सांगितलं. त्या मेलेल्या माणसाची बायको खटल्यात साक्षीदार आहे. तिला भेटायचं नाही. फोन नाही. निरोप नाही. तेजसनं नाही आणि त्याच्या वतीनं कुणीही नाही. भेटलात तर जामीन जाईल.

"समजलं का, भाऊ?"

"हाव."

"नक्की?"

"हाव म्हनलं ना, सर. वकील हाये ती. लोकं आपसात बोलले तं ती काय करन? सारे वकील असंच म्हंतात."

रात्री ते कोचावर झोपले नाहीत. स्वतःची शाल जमिनीवर टाकून पडले. पडल्या पडल्या पोराला विचारत होते, कुठं झालं, जवळ काय आहे, ते लोक राहत कुठं होते. तेजस सांगत होता. त्याला वाटत होतं, बाप शेवटी विचारतो आहे. किती दिवसांनी कुणीतरी विचारत होतं. तो ट्रामचा थांबासुद्धा सांगून गेला, आणि म्हणाला, "हॉटेलात कामाला होतो तेव्हा तिथूनच ट्राम पकडायचो, पप्पा."

भाऊंनी कूस बदलली.

सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर शाल घडी करून ठेवलेली. पिशवी नव्हती. घड्याळ आणि अंगठ्या टेबलावर नीट ओळीनं मांडलेल्या होत्या.

त्या अंगठ्या पाहून मी काय समजायचं ते समजलो. तेजसला उठवलं. आम्ही धावत खाली गेलो, पण जाणार कुठं? त्या घराच्या दिशेनं तेजसनं पाऊल टाकणं हाच गुन्हा. मी वकीलबाईंना फोन लावला, त्या दुसऱ्या कुणाच्या तरी कोर्टात उभ्या होत्या. मग आम्ही दोघं त्या काचेच्या घरात नुसते बसून राहिलो. ऊन इतकं कडक होतं की खालचे रस्ते पांढरे दिसत होते.

दुपारी दार वाजलं. भाऊ! घामानं भिजलेले, चपला हातात. आणि चेहऱ्यावर काय तेज होतं म्हणून सांगू! मोताळ्याच्या कोपऱ्यावर बिड्या ओढणारी मंडळी उभी आहेत अशा थाटात त्यांनी दारातूनच सांगितलं,

"पानी देल्लं!"

तेजसनं दार लावून घेतलं.

"ट्रामनं गेलो," ते बसत म्हणाले. "तुह्या त्या ठेसनावर उतरलो. तिथं खांबापाशी फुलं ठिवलेली, म्हाताऱ्याचा फोटू ठिवलेला. हात जोडले. रडू आलं, खरंच आलं, सर. एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, तिनं पाह्यलं. तिले वाटलं म्हाताऱ्याच्या वळखीचा असन कोनी. तिनंच हाताले धरून त्याइच्या दारात नेऊन सोडलं. माह्या मनात आलं, देवानंच पाठवली."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! दारात चपला सोडल्या. उंबऱ्यात बसलो. ती बाई आली, पांढरे केस, आपल्या आईवानी. मले पाह्यलं, घाम पाह्यला, आत गेली अन् पानी घेऊन आली. मांगतलं नाई मी! बरफाचं पानी. पुरा गिलास पेलो."

तेजस भिंतीला टेकला.

"मंग लुगडं काहाडलं. अन् तुहा फोटू ठिवला त्याच्यावर, शाळेतला, आठवते का? मंग तिच्या पायावर डोकं ठिवलं."

"फोटो? पप्पा, माझा फोटो?"

"मंग कोनाचा? तिले कसं समजन मी कोनाचा बाप होय म्हून?"

"आणि ती काय म्हणाली?"

"मले काय समजते? रडली. अशी मागं सरकली. हात असा करे घडी घडी." भाऊंनी तळहात आमच्याकडं करून हात पुढं ढकलून दाखवला. आम्हाला दाखवताना तो हात जरा वेळ हवेत थांबला. त्यांना स्वतःलाच तो आता नीट दिसला असावा. पण त्यांनी तो खाली घेतला आणि पुन्हा म्हणाले, "पन पानी तं देल्लं ना. पैले पानी देल्लं."

तेजस उठून आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळानं कपाट उघडल्याचा आवाज आला. तो पिशवी भरत होता. तुरुंगात काय लागतं हे माहीत नसलेला पोरगा दोन शर्ट, टॉवेल आणि दात घासायचा ब्रश भरत होता. भाऊ दारात जाऊन उभे राहिले.

"कुठी चालला?"

"ते येतील आता, पप्पा."

ते आले. संध्याकाळच्या आत आले, आणि फार सभ्यपणे घेऊन गेले.

कोर्टाच्या दालनात शिरताना भाऊंनी दारातच चपला काढल्या. तिथल्या शिपायानं त्या घालायला लावल्या. आत एका टेबलावर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत ते लुगडं ठेवलेलं होतं, निळे काठ वर करून, आणि शेजारच्या छोट्या पिशवीत शाळेच्या गणवेशातला तेजस. त्या मेलेल्या माणसाच्या बायको स्वतः आल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलेलं एक पोलीस अधिकारी उभा राहून वाचत होता. भाऊंनी माझी बाही ओढली.

"काय म्हने ती?"

मी कानात सांगत गेलो. "म्हणते, एक म्हातारा माणूस उन्हात माझ्या दारात बसला होता. मला वाटलं माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा असेल. तो थकला होता, म्हणून मी पाणी दिलं."

"बराबर. मंग?"

"म्हणते, मग त्यानं फोटो ठेवला, आणि तो कुणाचा हे मला कळलं. मी त्याला जायला सांगितलं. तो माझे पाय धरून बसला. मी पुन्हा सांगितलं. मी विनवलं. तो गेला नाही. माझा हात फोनपर्यंत पोचत नव्हता."

भाऊ पुढं वाकून ऐकत होते.

"म्हणते, तेव्हापासून दाराशी कुणी आलं की मी दिवे बंद करून आत बसते."

त्यांनी माझी बाही सोडली. एवढ्या वर्षांत कित्येक घरांत ते उंबऱ्याशी बसले असतील. पाणी प्यायल्यावर बाहेर पडायचे ते थेट कोपऱ्यावर. ते गेल्यानंतर त्या घरांत काय झालं, हे त्यांना आजवर कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

जामीन रद्द झाला. तेजसला बाजूच्या दारानं नेलं. जाताना त्यानं माझ्याकडं पाहिलं, वकीलबाईंकडं पाहिलं. बस, एवढ्यांकडंच. पुढं त्यानं गुन्हा कबूल केला. शिक्षा देताना न्यायाधीशांनी त्याच्या वेगाचा उल्लेख केला, त्याच्या पश्चात्तापाचा केला, आणि त्या उंबऱ्यातल्या सकाळचाही केला. शिक्षा काही वर्षांची होती. संपली की तुरुंगातून थेट विमानात बसवून परत पाठवतील.

भाऊ मोताळ्यात आले ते बदलून आले, असं म्हणायची पद्धत आहे. पण ते बदलले नव्हते. ते थांबले होते. बैठका सोडल्या. लोक तरीही यायचे, कारण मोताळ्यात भांडणं थोडीच थांबतात! ओसरीवर बसून हातापाया पडायचे. "भाऊ, तुमच्यावाचून होत नाई." भाऊ त्यांचं सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ज्याचं माणूस गेलं त्याले इचारा काय पाह्यजे ते. मले नका इचारू." लोकांना वाटायचं, भाऊंचं डोकं फिरलं. एक जण तर मला म्हणाला, "सर, मोठ्या मानसाले तिकडची हवा बाधली."

घरची गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. भाऊ एसटीनं फिरू लागले. कुणाची मोटार जवळून गेली तर रस्ता सोडून पार नालीच्या काठाला जाऊन उभे राहायचे. मेलबर्नमधलं ते घर मात्र त्यांनी कितीतरी दिवस सोडलं नव्हतं. "त्याचे कपडे हायेत तिथं," म्हणायचे. पोरगा आता त्या घरात कधीच जाणार नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा म्हणाले, "मले माहीत हाये, सर. पन रिकामं करा म्हनाले तोंड उघडत नाई."

तुरुंगातल्या माणसाला कोण भेटणार, हे तिथं तुरुंगातला माणूसच कळवतो. तेजसनं एकच नाव कळवलं. आईचं.

शोभावहिनी. ज्यांना नवऱ्यानं "तुह्यं काय काम तिथं" म्हटलं होतं, ज्या बुलढाण्यालासुद्धा कधी एकट्या गेल्या नव्हत्या, त्या आता एकट्या समुद्रापार निघाल्या. मुंबईपर्यंत त्यांचा माहेरचा भाऊ सोबत देणार होता, मलकापूरला रेल्वे स्टेशनवर भेटणार होता. मोताळ्याहून मलकापूरपर्यंत एसटी. मी आणि गुणवंतभाऊ पोचवायला गेलो. थंडीचे दिवस होते, फलाटावर शेंगदाणेवाल्यानं शेगडी पेटवली होती. भाऊंनी वहिनींची बॅग स्वतः उचलून वर ठेवली, खिडकीशी जागा धरून दिली, आणि खाली उतरून खिडकीखाली उभे राहिले. वहिनींनी पदर कानामागं घेतला.

"त्याले काई सांगू?"

उभ्या तालुक्याला बोलतं करणारा हा माणूस. त्यानं खिडकीच्या गजाला धरलं. मग म्हणाला, "तो जे बोलन ते आयकून घेजो. मधात बोलू नको."

"अन् तुमचं काई?"

भाऊंनी नाही म्हणून मान हलवली. कंडक्टरनं घंटी मारली. एसटी फलाटावरून मागं आली, वळली, मलकापूरच्या रस्त्याला लागली. आम्ही धूळ बसेपर्यंत तिथंच होतो. मला वाटलं, आता निघावं. भाऊ हलले नाहीत.

"सर," ते रस्त्याकडंच पाहत म्हणाले, "इंग्रजीत माफीले काय म्हंतात?"

"तेजसला मराठी येतं की, भाऊ."

"तेजससाठी नाई."

मी म्हटलं, "सॉरी म्हणतात."

"ते तं मले माहीत हाये. एसटीत धक्का लागला का पोट्टे म्हंतात. तो शब्द नाई. माणूस गेल्यावर काय म्हंतात, अन् त्याच्यानंतर तिच्या उंबऱ्यात जाऊन बसल्यावर काय म्हंतात?"

त्या मेलबर्नच्या बाईला ते कधीच काही सांगू शकणार नव्हते. कायद्यानं नाही, आणि कायदा नसता तरी नाही. हे त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांनी मला पत्र लिहायला सांगितलं नाही, फोन लावायला सांगितला नाही. फक्त शब्द विचारला.

मी म्हणालो, "पाहून सांगतो, भाऊ."

"पाहाजा," ते म्हणाले, आणि मोटारींच्या बाजूनं न जाता बाजारओट्यामागच्या बोळीत वळले.